रुमाल टाकून धरलेलं बेट

मॉरिशसहून परतल्यावरच्या पहिल्याच रविवारी हायडेलबर्गला मराठी मंडळाचं जेवण होतं. जो भेटेल तो एकच विचारत होता, "काय मग, स्वर्ग ना?" पहिल्या दोघींना मी "हो" म्हटलं. तिसरीला विचारलं, "स्वर्गाच्या दारात वॉचमन असतो का गं?" ती हसली आणि मठ्ठा आणायला निघून गेली. घरी येताना गाडीतच ठरवलं, की हे सगळं लिहून काढायचं. ज्यांनी तो देश पाहिलेला नाही त्यांच्यासाठी. आणि ज्यांच्या घरात कुणीतरी संगणकासमोर बसून दुसऱ्याच्या म्हातारपणाची जागा शोधतंय, त्यांच्यासाठी तर नक्कीच.

कायझर्सलाउटर्न

आम्ही जर्मनीत कायझर्सलाउटर्नला राहतो. माझा नवरा शिरीष मेकॅनिकल इंजिनिअर. मी इथल्या एका आल्टनहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, नर्स आहे. पुण्यातली पदवी इथं मान्य करून घ्यायला मला पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं होतं. वीस वर्षांच्या पोरींबरोबर बाकावर बसून मी जर्मनमधून हाडांची नावं पाठ केली आहेत. त्यामुळे ती नोकरी मला प्रिय आहे, असं नुसतं म्हणून भागत नाही. ती मी मिळवलेली आहे.

सासरे गेले आणि सासूबाई मिरजेला एकट्या राहिल्या. त्यांना इथं आणावं म्हणून आम्ही आउसलेंडरबेहोर्डेत, परदेशी लोकांच्या त्या कार्यालयात, खेटे घातले. समोरची बाई सभ्य होती. पाहुणी म्हणून नव्वद दिवस, त्यापुढं नाही, असं तिनं प्रत्येक वेळी तितक्याच सभ्यपणे सांगितलं. मी रोज इथल्या म्हाताऱ्या बायकांना आंघोळ घालते, भरवते, आणि माझ्या सासूला माझ्या घरात राहता येत नाही. याचा राग कुणावर काढायचा ते मला आजही कळलेलं नाही.

शिरीषनं तो राग काढला नाही. त्यानं संगणकावर तक्ते मांडून संशोधन केलं. एक दिवस जेवताना म्हणाला, "आल्झो, तर मग, मॉरिशस."

"काय मॉरिशस?"

"पन्नाशीच्या पुढच्या परदेशी माणसाला तिथं राहायची परवानगी देतात. मुंबईहून थेट विमान. थंडी नाही. आपली देवळं आहेत, आपली माणसं आहेत. आणि लेबेन्सक्वालिटेट, जीवनमान बघ! दवाखाने, रस्ते, हवा. सगळ्यात वर. आईला तिथं ठेवता येईल."

'ठेवता येईल' हा शब्द मी पोळीबरोबर गिळला. जानेवारीपासून त्याचं काम निम्मं होणार होतं. उतारवयातल्या लोकांना इथं तशी सोय असते, आणि त्यानं वर्षातले काही महिने काम, काही महिने सुट्टी अशी वाटणी करून घेतली होती. त्याचं गणित बसत होतं. माझ्या नोकरीचं काय, हे त्यानं विचारलं नाही. तो कधी विचारतो याची मी वाट बघायचं ठरवलं. दोन हजार चौदाच्या नोव्हेंबरात आम्ही फ्रँकफर्टहून निघालो आणि सासूबाई मुंबईहून. देश बघून ठरवायचं, एवढंच मला सांगितलं होतं.

विमानतळ ते समुद्र

आई आमच्या आधी पोचल्या होत्या. पांढरे बूट, नऊवारी, हातात पिशवी, आणि चेहऱ्यावर मिरजेच्या रेल्वे चौकशी खिडकीवर भांडून आल्यासारखा भाव.

"अहो आई, प्रवास नीट झाला ना?"

"प्रवासाला काय झालंय? माझा कढीपत्ता फेकला त्यांनी. कचऱ्यात! एवढा निवडून आणला होता. म्हणे बाहेरची पानं चालत नाहीत."

टॅक्सी विमानतळाबाहेर पडली आणि पहिल्याच घराच्या कुंपणात कढीपत्त्याचं डेरेदार झाड उभं होतं. आईंनी काच खाली केली आणि त्याच्याकडे असं बघितलं, की झाडानंच मान खाली घालावी. ड्रायव्हरनं सांगितलं, "कारिपुले! इथं प्रत्येक घरी असतो."

मग सुरू झाला ऊस. दोन्ही बाजूंना ऊस, मागं करवतीच्या दात्यांसारखे तुटक डोंगर, पुन्हा ऊस, मधेच कुठं तोडणी चाललेली. शिरीष पुढच्या सीटवरून हवेची, रस्त्यांची माहिती देत होता. आई म्हणाल्या, "ऊस बघायला मला एवढं लांब आणलंस होय रे? दारात होता की." शेत निरखून पुढं म्हणाल्या, "बारीकच आहे. आमच्याकडे एवढ्यात तोडला नसता."

शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढीग होते, देवळाच्या चौथऱ्यासारखे रचलेले. मला वाटलं जुनं काही बांधकाम असेल. ड्रायव्हर म्हणाला, मजुरांनी हातानं वेचून काढलेले दगड आहेत ते. भारतातून, करारावर आणलेले मजूर. आधी दगड वेचायचे, मग ऊस लावायचा. त्यांना सांगितलं होतं, की तिकडे दगड उचलला की खाली सोनं मिळतं.

"म्हणजे तेव्हाही कुणीतरी घरबसल्या वर्णन केलं होतं तर," मी म्हटलं. शिरीषनं रस्त्यांची माहिती पुढं चालू केली.

हॉटेल

सुंदर होतं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हिला काही आवडतच नाही. समुद्र घरातल्या काचेच्या बांगड्यांसारखा, हिरवा आणि निळा एकाच वेळी. लांब प्रवाळाच्या कडेवर पांढरी लाट फुटायची, तिचा आवाज मागून यायचा आणि किनाऱ्यावरचं पाणी मात्र तळ्यासारखं. सुरूच्या झाडांतून वारा वाहिला की उन्हातही अंगावर शहारा यायचा. साळुंक्या नाश्त्याच्या टेबलावर येऊन पाव पळवायच्या. आईंनी त्यांना पहिल्याच दिवशी नावं ठेवली.

पण तिथं निम्मे पाहुणे जर्मन, आणि जर्मन पाहुणा सुट्टीवर गेला की एक काम नेमानं करतो. उजाडायच्या आत खाली जाऊन तलावाकाठच्या आरामखुर्चीवर टॉवेल टाकतो आणि परत येऊन झोपतो. मग नाश्ता, मग फिरणं, मग कधीतरी दुपारी येऊन तो त्या खुर्चीवर बसतो. तोवर खुर्ची रिकामी, पण त्याची. कायझर्सलाउटर्नमधले आमचे शेजारीसुद्धा या सवयीवर विनोद करतात, आणि स्वतः तेच करतात.

पहिल्या सकाळी मी बाल्कनीत आले तर खाली शिरीष. अर्ध्या चड्डीत, बगलेत तीन टॉवेल. एकेका खुर्चीवर टॉवेल पसरून त्याच्या कडा खोचत होता. वीस वर्षांत इतकं मन लावून त्यानं घरातली एक चादर घातलेली नाही.

आई माझ्या शेजारी चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. "हा काय करतोय गं?"

"जागा धरतोय."

त्या एवढ्या हसल्या की चहा बशीत सांडला. "अगं, हा तर एसटीत रुमाल टाकतोय!"

सविताबाई

हॉटेलच्या कुंपणापलीकडे सगळ्यांसाठीचा किनारा होता. तिथं सुरूच्या सावलीत एका हातगाडीवर सविताबाई ढोल पुरी विकायच्या. मऊ, पातळ पोळी, आत हरभऱ्याच्या डाळीचं सुकं सारण, वर टोमॅटोचा रस्सा, घेवड्याचा रस्सा आणि हिरव्या मिरचीचं वाटण, सगळं कागदात गुंडाळून. हॉटेलातलं मिळमिळीत जेवण सोडून आम्ही तिथं गेलो. आईंनी पहिला घास खाल्ला आणि जाहीर केलं, "ही गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी आहे."

सविताबाईंनी मान वर केली. "पुरणपोळी? आम्ही पण करतो. होळीला."

त्यांचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून आले होते. गावाचं नाव घरात कुणाला आठवत नाही. घरी क्रिओल बोलतात. मराठी त्या लहानपणी संध्याकाळच्या बैठकेत, म्हणजे गावच्या शाळेत, शिकल्या आणि आता गणपतीत आरतीपुरती वापरतात. एकेक शब्द फडताळातून भांडं काढावं तसा काढत होत्या. "तुम्ही... एकट्या राहता? तिकडे?"

"एकटी कसली? वर भाडेकरू, शेजारी कुलकर्णी वहिनी, समोर दूधवाला. आणि शुक्रवारी भजन. तुम्ही?"

"माझा मुलगा बोटीवर आहे. मोठ्या बोटीवर, स्वयंपाकी. मुलगी फ्रान्सला." सविताबाईंनी पोळी उलटली. "इथं छान आहे. दवाखाना फुकट. बस फुकट, म्हाताऱ्यांना."

"बस फुकट?" आई एकदम गंभीर झाल्या. "सगळीकडे?"

"सगळीकडे."

मला वाटलं, शिरीषच्या सगळ्या तक्त्यांनी जे साधलं नाही ते या बसनं साधणार. तो पुढं झालाच. "बघ आई! मी म्हणत होतो ना? इथं घर घ्यायचा विचार आहे आमचा," त्यानं सविताबाईंना सांगितलं.

सविताबाई हसल्या, पण वेगळ्या हसल्या. "सगळे घेतात. समुद्राजवळ आता आमचं कुणी नाही राहत. जमीन महाग झाली. माझा मुलगा बोटीवर का गेला? घर बांधायला. बोटीवर राहतो, घरासाठी."

शिरीष म्हणाला, "गेनाऊ, बरोबर, मागणी वाढली की तसं होतंच." एखाद्याच्या घरी दुःख ऐकून अर्थशास्त्र सांगणाऱ्या माणसाला कोपरानं ढोसावं लागतं. मी ढोसलं.

पुढचे दोन दिवस आई सकाळ झाली की गाडीवर. शिरीषनं धरून ठेवलेल्या खुर्च्या टॉवेल पांघरून उन्हात पडलेल्या असायच्या आणि त्याची आई सुरूखाली उलट्या बादलीवर बसून कोथिंबीर निवडत असायची. हॉटेलच्या शाम्पूपेक्षा आईंच्या अंगाला मिरचीचाच वास जास्त यायला लागला. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सविताबाईंना चहाला बोलावलं. "रोज तुमचं खाते. एकदा माझ्याकडे या की."

चहा

आईंनी इस्त्रीची साडी नेसली. मिरजेहून आणलेला चिवडा बशीत काढला. शिरीषच्या आरामखुर्च्या पहिल्यांदाच कामाला आल्या. एकीवर आई बसल्या, दुसरी सविताबाईंसाठी झाडून ठेवली.

सविताबाई किनाऱ्यानं चालत आल्या. निळं पातळ, केसांत फूल, हातात झाकलेला डबा. हॉटेलची हद्द सुरू होते तिथं वॉचमन होता. त्यानं हात आडवा केला. दोघं काहीतरी बोलले. सविताबाईंनी आमच्याकडे बोट दाखवलं. त्यानं मान हलवली. मी पोचेपर्यंत त्या वळल्यासुद्धा होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी हातानंच 'राहू द्या' अशी खूण केली आणि डबा पदराखाली घेतला. तो डबा पदराखाली घेणं मी विसरणार नाही.

"ती आमची पाहुणी आहे," मी वॉचमनला म्हणाले.

"फक्त हॉटेलचे पाहुणे, मॅडम."

"वाळू हॉटेलची आहे का? किनारा सगळ्यांचा आहे, असं आमचा टॅक्सीवाला सांगत होता."

"मला सांगितलंय तेवढं मी करतो, मॅडम." तो खाली बघत होता. मग हळूच म्हणाला, "मी ओळखतो त्यांना. आमच्याच गल्लीतल्या आहेत."

त्याच्यावर ओरडून काय करायचं? मी रिसेप्शनवर गेले. तिथं त्यांनी मला लिंबाचं सरबत दिलं. मी अशा रागात होते की ते सरबत तसंच परत ढकललं, आणि मी वाया काही घालवत नाही. शिरीष मागून आला.

"ज्योती, सोड ना. नियम असतात. त्याशिवाय एवढी स्वच्छता, सुरक्षितता राहत नाही."

"तुझ्या आईची मैत्रीण होती ती."

"मैत्रीण? तीन दिवसांची?"

"शिरीष, या आख्ख्या देशात तुझ्या आईच्या ओळखीचं एकच माणूस आहे. तेच कुंपणाबाहेर ठेवायचं, आणि म्हणायचं लेबेन्सक्वालिटेट?"

परत येऊन पाहते तर आईंची खुर्ची रिकामी. चिवड्याची बशी घेऊन त्या स्वतःच कुंपणापलीकडे गेल्या होत्या. दोघी बादल्यांवर बसून चहा पीत होत्या, आणि डब्यात होती नारळाची करंजी.

घर

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरीषनं घर दाखवायला नेलं. विमान संध्याकाळचं होतं. दलाल तरुण होता, जर्मन छान बोलायचा. डोंगराच्या उतारावर पांढऱ्या घरांची वसाहत, भोवती उंच भिंत, दाराशी पुन्हा वॉचमन. आत गवत कातरलेलं, रस्ते झाडलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"खूप शांत," दलाल म्हणाला. "बाहेरचं कुणी आत येत नाही."

मी आईंना ते मराठीत सांगितलं. त्या खोल्या बघत होत्या. नळ उघडून पाहिला, ओट्याची उंची पाहिली, खिडकीतून बाहेर पाहिलं. मग विचारलं, "शेजारी कोण?"

"एका बाजूला स्टुटगार्टचं जोडपं, दुसऱ्या बाजूला फ्रेंच," शिरीष म्हणाला. "हिवाळ्यात येतात."

"आणि एरवी?"

"एरवी शांत असतं."

"मग मी दिवसभर बोलू कुणाशी?"

"असं काय करतेस आई, ज्योती असेल ना. मी कामाचे महिने तिकडे करून येत-जात राहीन. ज्योती तुझ्याजवळ कायम असेल. तिला हेच तर काम येतं, म्हाताऱ्या माणसांचं."

तर हे असं ठरलेलं होतं. माझे ते बाकावरचे दिवस, हाडांची नावं, पहाटेच्या पाळ्या, सगळं गुंडाळून या पांढऱ्या घरात आणून ठेवायचं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई बोलल्या.

"ज्योती, तू नोकरी सोडतेयस?"

"नाही, आई. मला हे आत्ता कळतंय."

दलालाला मराठी येत नव्हतं, पण आवाज कळतो. तो म्हणाला, आज नुसतं घर राखून ठेवता येईल, विचार नंतर करा. शिरीषनं खिशातून पेन काढलं.

"आता काय करतोयस?" आईंनी विचारलं.

"काही नाही गं, फक्त जागा धरून ठेवतोय."

"पुन्हा रुमाल!" आईंचा आवाज त्या रिकाम्या खोलीत घुमला. "अरे, रुमाल कुणी टाकावा? ज्याला बसायचंय त्यानं. तुला बसायचंय का इथं? नाही. तू येणार-जाणार. हिला बसायचंय? हिला विचारलंही नाहीस. आणि मला विचारलंस? मी काय उभी आहे होय रे जागेसाठी? मला बसायला जागा आहे. मिरजेत. खिडकीची."

"आई, तिथं तू एकटी असतेस म्हणून तर... रात्रंदिवस काळजी असते मला."

"मग ये की! मला तुझ्या देशात नव्वद दिवस देतात. तुला मिरजेत किती देतात? कुणी अडवलंय? सुट्टीचे महिने मिळालेत म्हणतोस. घेऊन ये ते माझ्याकडे. म्हातारीनं विमानं बदलत फिरायचं आणि धडधाकट पोरानं फोनवरून काळजी करायची, ही कुठली रीत?"

शिरीष म्हणाला, "मिरजेत... उकडतं गं." सत्तावन्न वर्षांचा माणूस.

इतके दिवस जमवून ठेवलेलं मी तेव्हा बोलले. "उकडतं? तुला उष्ण प्रदेश हवा होता ना? ऊन, ऊस, नारळ, आंबा, साळुंक्या, दारात कढीपत्ता. यातलं मिरजेत काय नाही? समुद्र नाही, एवढंच. आणि भिंत नाही. तुला आईजवळ राहायचं नव्हतं, शिरीष. तुला आईची सोय लावायची होती. माझ्या अंगावर."

त्यानं पेन खिशात ठेवलं. दलालानं आम्हाला दारापर्यंत सोडलं आणि वॉचमननं सलाम केला.

कायझर्सलाउटर्न, पुन्हा

तर मॉरिशसला जा. अवश्य जा. नोव्हेंबरात लिचीचे घड बाजारात येतात, गुलमोहर फुलतो, आणि माणसं अनोळख्यानं रस्ता विचारला तर सोबत चालत येतात. तिथं जीवन चांगलं आहे हे खरं आहे. सविताबाईंचं आहे, कारण त्यांना आख्खी गल्ली ओळखते, वॉचमनसुद्धा. ते त्यांचं आहे. विमानातून उतरून त्यावर टॉवेल टाकता येत नाही. कुंपणाबाहेर खा, बसनं फिरा, कढीपत्ता नेऊ नका.

माझा राग गेलेला नाही. आउसलेंडरबेहोर्डे तिथंच आहे, नव्वद दिवस नव्वदच आहेत. शिरीष मिरजेला गेलाय. जानेवारीत गेला, तोंड पाडून. आता इथं दारापुढच्या फूटपाथवरचा बर्फ मला एकटीला ओढावा लागतो. पहाटेच्या पाळीच्या आधी, कारण कुणी घसरलं तर जबाबदारी घरमालकाची, म्हणजे आमची. प्रत्येक फावड्याला मी त्याचं नाव घेते.

काल आईंचा फोन आला होता. मी विचारलं, "कसा आहे तो?"

"बरा आहे. वीज गेली की जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटतो. मंडईतून भाजी आणायला शिकलाय, वांगी अजून किडकीच आणतो. आणि अगं, रोज उजाडायच्या आत उठून अंगणातल्या खुर्चीवर टॉवेल टाकतो."

"अंगणात? तिथं कोण घेणारे त्याची खुर्ची?"

"मी," आई म्हणाल्या. "टॉवेल उचलते, दोरीवर टाकते, आणि बसते."